प्रत ज्याच्या त्याच्या घरी

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा आमचा, अहिल्यानगर, म्हणजे जुनं अहमदनगर. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. एका टोकाला कळसूबाई, घाटघर, रतनवाडी. दुसऱ्या टोकाला जामखेड. नगर शहरात, संगमनेरात, श्रीरामपुरात वेगवान इंटरनेट घरोघर आलं आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात मात्र अजूनही काही वाड्यांवर रेंज मिळवायची तर घरातून उठून ओट्याच्या ठरावीक कोपऱ्यात जावं लागतं, आणि पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही गप्प होतो.

अशा जिल्ह्यात चार-पाच जणांनी मिळून एखाद्या मोठ्या मजकुराचं मराठी भाषांतर करायचं ठरवलं, तर पहिली अडचण शब्दांची येत नाही. सगळ्यांचं काम जिथे एकत्र ठेवलं आहे, तिथून ते आपल्या संगणकावर आणायचं कसं? नेट नसताना त्यावर काम कसं करायचं? आणि केलेलं काम, दुसऱ्याचं न पुसता, परत कसं पोचवायचं? भाषांतरावर आपण भरपूर बोलतो. शैली, निष्ठा, मुळाशी इमान यांवर परिसंवाद होतात. या तीन प्रश्नांवर कुणी फारसं बोलत नाही. भाषांतर टिकतं की वाया जातं, हे मात्र पुष्कळदा याच प्रश्नांवर ठरतं, असं माझं या कामातल्या अनुभवावरून झालेलं ठाम मत आहे.

आपल्याकडे गटाने भाषांतर करण्याची रूढ पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे. मजकुराचे तुकडे पाडायचे, वाटून घ्यायचे, जो तो आपला तुकडा पूर्ण करून ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. जमवणारा एक जण असतो. त्याच्या संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सुधारित २’ अशा नावांच्या फाइली साचत जातात. एकाने ‘ठिबक’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘ड्रिप’, तिसऱ्याने ‘सूक्ष्म सिंचन’. पाचव्या प्रकरणात केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रकरणाला कळत नाही. जमवणारा आजारी पडला किंवा त्याची हार्ड डिस्क बसली, की सगळ्यांचं काम एकदम अडतं. राहुरीला कृषी विद्यापीठ असलेल्या, पाणलोटाच्या कामासाठी देशभर नाव झालेल्या या जिल्ह्यात मराठीत आणायचा मजकूर काही थोडा नाही. माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, अहवाल, शाळांसाठी गोष्टी. तो मजकूर दरवेळी पहिल्यापासून भाषांतरित होतो, कारण मागच्या वेळचं काम कुणाच्या संगणकात राहिलं ते कुणालाच आठवत नाही.

याला उपाय आहे, तो फुकट आहे आणि वीस वर्षांपासून उपलब्ध आहे.

उपाय असा. कामाची मुख्य जागा एका सर्व्हरवर ठेवायची. त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. बोलताना सगळे ‘रेपो’च म्हणतात. प्रत्येकाने तिथून संपूर्ण प्रकल्पाची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची. काम आपल्या प्रतीवर करायचं, मग आपला बदल मुख्य जागी पाठवायचा आणि इतरांचे बदल आपल्याकडे ओढून घ्यायचे. नगरच्या माणसाला हे समजावताना मी सहकारी साखर कारखान्याचं उदाहरण देतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला जे उभं केलं, त्यात ऊस ज्याच्या त्याच्या शेतात वाढतो, गाळप एका ठिकाणी होतं आणि कुणाचा किती ऊस आला याची नोंद सभासदांसमोर असते. फरक एकच, आणि तो फार मोठा आहे: इथे प्रत्येक सभासदाच्या घरी अख्खा कारखाना असतो. मुख्य जागा उद्या जळाली, तरी कुणाच्याही घरच्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करता येते.

ही सोय ज्या साधनाने आणली त्याचं नाव गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिलं. त्यामागची हकीकत आमच्या विषयाला धरूनच आहे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे जगभरचे प्रोग्रामर त्याआधी बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन वापरत होते. त्यांना ते फुकट मिळत होतं. २००५ मध्ये ती सवलत काढून घेतली गेली आणि एवढा मोठा प्रकल्प उघड्यावर आला. तेव्हा टोरवाल्ड्सनी स्वतःच साधन घडवलं, आणि घडवताना त्यात हे तत्त्व घातलं की प्रत्येकाजवळची प्रत पूर्ण असली पाहिजे. नुसता आजचा मजकूर नव्हे, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहासही. कोणी, कधी, कोणती ओळ, कशासाठी बदलली, ते सगळं.

इथे नवख्यांची एक चूक हमखास होते, म्हणून थोडं थांबतो. गिटचे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहबसारख्या ठिकाणी प्रकल्पाच्या पानावर ‘झिप उतरवा’ असं बटण असतं. नवीन माणूस ते दाबतो, फाइली मिळतात, तो खुशीत कामाला लागतो. दहा-बारा पानं झाल्यावर परत पाठवायला जातो, तेव्हा लक्षात येतं की पाठवायची वाटच नाही. झिपमध्ये फाइली असतात. त्यांचा इतिहास नसतो आणि त्या कुठून आल्या याचा पत्ता नसतो. ती प्रत मुख्य जागेपासून तुटलेली असते. जोडलेली प्रत हवी असेल तर ‘क्लोन’ करावं लागतं. क्लोन केलेल्या फोल्डरात नजरेआड एक उपफोल्डर असतो, त्यात सगळा इतिहास आणि मुख्य जागेचा पत्ता असतो. तो फोल्डर कुणी ‘हे काय नको ते’ म्हणून उडवला, की क्लोनचीही झिप झाली. गटात नवीन माणूस आला की बाकी काही सांगण्याआधी हे सांगावं.

भाषांतरकाराने गिटच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसावं, अशी मात्र कुणाचीच अपेक्षा नाही. ओमेगाटी नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे. कीथ गॉडफ्रे यांनी २००० साली तो सुरू केला. जावावर चालतो, त्यामुळे विंडोज असो, लिनक्स असो, त्याला फरक पडत नाही. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही तो बऱ्यापैकी पळतो, आणि आमच्याकडच्या शाळा-संस्थांत असतात ते संगणक तसलेच. त्यात ‘टीम प्रोजेक्ट’ची सोय आहे. प्रोजेक्टच्या मेनूत जाऊन टीम प्रोजेक्ट उतरवायला सांगायचं, रेपोचा पत्ता द्यायचा, आपल्या संगणकावर एक रिकामा फोल्डर दाखवायचा. नाव आणि पासवर्ड विचारला जातो. गिटहबवर ऑगस्ट २०२१ पासून नेहमीचा पासवर्ड या कामाला चालत नाही; त्याच्या जागी टोकन नावाची लांबलचक किल्ली आधी तयार करून घ्यावी लागते. पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही म्हणून वैतागलेली माणसं बहुधा इथेच अडलेली असतात.

उतरवणं फक्त पहिल्यांदा करायचं. पुढे रोज तो फोल्डर साध्या प्रोजेक्टसारखा उघडायचा. उघडताना इतरांनी केलेलं काम आपोआप येतं. वाक्यामागून वाक्य समोर येतं, आपण खाली मराठी लिहितो. थोड्याथोड्या वेळाने प्रोग्राम जतन करतो आणि जतन करतानाच आपलं काम मुख्य जागी पाठवतो, तिथलं आपल्याकडे आणतो. नेट गेलं तर? तर काम थांबत नाही. आपल्या प्रतीवर लिहीत राहायचं. नेट आलं की साचलेलं सगळं एकदम जातं. रतनवाडीच्या पावसात बसलेल्या माणसाला या एका गुणाचं मोल काय आहे, हे चोवीस तास जोडलेल्या माणसाला सहज कळणार नाही. फक्त ब्राउझरमध्ये चालणारी चकचकीत साधनं आज पुष्कळ आहेत. त्यांत नेट गेलं की पान गोठतं आणि अर्धं लिहिलेलं वाक्यही जातं.

दोघांनी एकच वाक्य आपापल्या प्रतीत वेगवेगळं केलं असेल तर मात्र यंत्र ठरवत नाही. ते दोन्ही रूपं शेजारी मांडतं आणि विचारतं: तुमचं ठेवू की त्यांचं? याला ‘कॉन्फ्लिक्ट आला’ म्हणतात. पहिल्यांदा आला की माणूस घाबरतो. खरं म्हणजे ही फार चांगली गोष्ट आहे. जुन्या पद्धतीत शेवटी पाठवणाऱ्याचं राहायचं आणि आधीच्याचं गुपचूप पुसलं जायचं. इथे मतभेद उघड होतो आणि एक माणूस दोन्ही वाचून निवडतो. मी ज्या गटात काम केलं त्यात आम्ही ठरवलं होतं की कॉन्फ्लिक्ट आला तर दुसऱ्याला फोन केल्याशिवाय त्याचं वाक्य टाकायचं नाही. त्या फोनांमधून शब्दांची जेवढी चर्चा झाली, तेवढी ठरवून बोलावलेल्या बैठकांत झाली नाही.

प्रती वेगळ्या वाटेने गेल्या तर काय होतं, हे या जिल्ह्याला सातशे वर्षांपासून माहीत असायला हवं. प्रवरेच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत आला. ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, ही परंपरा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं मानतात, तो शिलालेखाचा खांब आजही तिथे आहे. दुर्गा भागवतांनी त्याच्यावर ‘पैस’ लिहिलं. लिहून झालेला ग्रंथ गावोगाव गेला तो हाताने केलेल्या प्रतींमधून. प्रत्येक नकलकाराने आपली प्रत केली. कुणाचा हात चुकला. कुणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने ओळखीचा घातला. कुणाला स्वतःची ओवी सुचली, तीही आत गेली. तीनशे वर्षांत नऊ हजारांच्या घरातल्या ओव्यांचं हे पुस्तक गावागणिक निराळं झालं.

मग पैठणच्या एकनाथांनी अनेक पोथ्या समोर ठेवून पाठ शुद्ध केला. शके १५०६, म्हणजे १५८४. त्या प्रतीच्या शेवटी त्यांनी ज्या ओव्या जोडल्या, त्यांत काय आहे ते पाहा. कोणत्या साली काम केलं ते आहे. का केलं, तेही आहे: ग्रंथ मुळात शुद्धच, पण पाठभेदांनी बिघडला होता. आणि पुढच्यांना बजावणं आहे की यात स्वतःची ओवी घालाल तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. गिटवर काम करणारा माणूस प्रत्येक बदल पाठवताना एक टीप लिहितो, तिला कमिट मेसेज म्हणतात; तारीख, नाव, कारण. एकनाथांनी ही शिस्त कुणी न सांगता पाळली. पाठ बदलणारा माणूस वाचकाला जबाबदार असतो, ही जाणीव त्यांना होती.

एकनाथांची खरी अडचण कुठे होती? त्यांच्यापुढे वेगवेगळ्या पोथ्या होत्या, पण कोणता बदल कोणी केव्हा केला हे सांगणारं काही नव्हतं. त्यांना अंदाज बांधावा लागला, आपल्या कानाचा आणि अभ्यासाचा आधार घ्यावा लागला. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीड जिल्ह्यातल्या पाटांगणला मिळालेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ही एकनाथांच्या आधीची, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद झाला. वाद मिटवायला मूळ पोथी हाताशी हवी होती, आणि ती पुढे नाहीशी झाली. एकच प्रत होती. मराठीतल्या एका मोठ्या प्रश्नाचा पुरावा त्या एका प्रतीबरोबर गेला. याचं मला फार वाईट वाटतं.

आता अलीकडचं पाहू. संगणकाचा पडदा मराठीत दिसावा म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं राबून काम केलं, त्यांची नावं वाचकांना ठाऊक नसतात. या कामाचं एक मोठं केंद्र आमच्या शेजारी, पुण्याला होतं. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत भारतीय भाषांचा गट होता. लोहित हे फॉन्टही रेड हॅटनेच मुक्त परवान्याखाली दिले. २००८ मध्ये फ्युएल प्रकल्प सुरू झाला. संगणकावर पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांची ठरलेली यादी प्रत्येक भाषेत असावी, म्हणजे एका प्रोग्राममध्ये एक आणि दुसऱ्यात दुसराच शब्द दिसणार नाही, हा त्याचा हेतू. मराठीची यादीही त्यात झाली.

ही सगळी भाषांतरं पीओ नावाच्या साध्या मजकूर फाइलींत असतात. एका ओळीत इंग्रजी, खाली मराठी. फाइलीच्या माथ्यावर शेवटचा भाषांतरकार कोण, भाषेचा गट कोणता, सुधारणा कधी झाली, हे लिहिलेलं असतं. फाइल कोणत्याही संपादकात उघडते. पोएडिट किंवा केडीईचं लोकलाइझ यांसारखा प्रोग्राम असला की काम सोपं होतं.

फेडोरा या लिनक्सच्या मराठी भाषांतराचा प्रवास सांगण्यासारखा आहे. आधी ते ट्रान्सिफेक्स नावाच्या सर्व्हरवर होतं. ट्रान्सिफेक्सची सुरुवात २००७ मध्ये, फेडोराच्याच गरजेतून, मुक्त प्रोग्राम म्हणून झाली होती. पुढे त्याची कंपनी झाली आणि तिने नवा कोड खुला ठेवणं थांबवलं. फेडोराने बिऱ्हाड हलवलं ते झानाटावर. झानाटा रेड हॅटमध्येच तयार झालेला. मग २०१८ मध्ये झानाटाचंही काम थांबलं. पुन्हा हलवाहलव, आणि या वेळी मुक्काम वेबलेटवर. वेबलेट हा चेक प्रोग्रामर मिखाल चिहार्झ यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला. मोझिलाच्या फायरफॉक्सचंही तसंच. व्हर्बाटिम नावाची जागा गेली, पॉन्टून आली. दहा-बारा वर्षांत घरमालक किती बदलले! ज्यांचं मराठी काम फक्त त्या-त्या संकेतस्थळाच्या चौकटीत होतं त्यांच्या पोटात गोळा आला असणार. फाइली मात्र शाबूत राहिल्या, कारण त्या पीओमध्ये होत्या, त्यांच्या प्रती प्रकल्पांच्या रेपोत होत्या आणि काम करणाऱ्यांच्या संगणकांवर होत्या. वेबलेटचं मला विशेष कौतुक वाटतं ते यासाठी की त्याच्या पोटात गिटच आहे. वर ब्राउझरमध्ये कुणीही येऊन एखादं वाक्य सुधारावं, आणि ज्याला हवं त्याने खालून सगळ्याचा क्लोन घ्यावा.

म्हणून कुठल्याही सर्व्हरवर मराठी भाषांतर सुरू करण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: इथलं सगळं, इतिहासासकट, मला उद्या घरी नेता येईल का? उत्तर ‘एकेक शब्द शोधता येईल’ असं असेल, तर ते ‘नाही’च समजावं. शासनाचे परिभाषा कोश आता संकेतस्थळावर शोधता येतात, त्याचा मला रोज उपयोग होतो आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण शब्द शोधणं वेगळं, आणि अख्खा संग्रह माझ्या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये बसून वाक्यावाक्याला आपण होऊन शब्द सुचवणं वेगळं. शब्दसंग्रह प्रकल्पाबरोबर उतरला पाहिजे, आणि त्यात कुणी भर घातली की ती सगळ्यांकडे गेली पाहिजे.

स्थानिक प्रत हाती आली तरी मराठीच्या काही खोड्या राहतात. त्यांतली एक फार चिवट आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. शेतीच्या कुठल्याही मजकुरात तो पानोपानी असतो. त्यातला जो अर्धा ऱ् आहे, तो संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, युनिकोडमधलं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, छापून आल्यावर भिंगातून पाहिलं तरी कळणार नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. राहुरीच्या एकाने पहिल्या प्रकारे लिहिलं आणि पारनेरच्या दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे, तर शोधताना अर्धे शेतकरी सापडतच नाहीत. भाषांतराची आठवण ठेवणारा प्रोग्राम जुनं वाक्य जसंच्या तसं असूनही नेमकं जुळलं म्हणत नाही. आणि दोन प्रती जुळवताना डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर कॉन्फ्लिक्ट येतो. दऱ्या, वाऱ्यावर, कोपऱ्यात, तिसऱ्या, सगळ्यांची हीच गत. गटाने पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवावी, ऱ या स्वतंत्र अक्षराची ठरवावी, आणि मजकूर मुख्य जागी जाण्याआधी एका छोट्या स्क्रिप्टने सगळं तसं करून घ्यावं.

जुन्या डीटीपी फॉन्टांतला मजकूर हा याहून मोठा प्रश्न. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेलं मराठी म्हणजे यंत्राच्या लेखी इंग्रजी अक्षरांची खिचडी. जिल्ह्यातल्या छापखान्यांत तीस वर्षांचा मजकूर त्या रूपात पडून आहे. तो रूपांतरित केल्याशिवाय कोणत्याही रेपोत ठेवून उपयोग नाही, आणि रूपांतरानंतर माणसाने वाचल्याशिवाय त्यावर भरवसा नाही.

आमच्या जिल्ह्याच्या नावाने तर सामायिक कामाची चांगलीच परीक्षा घेतली. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आता समजा, सामायिक प्रकल्पात हजारो वाक्यं आहेत आणि एका उत्साही सभासदाने ‘शोधा आणि बदला’ चालवून जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे नवं घातलं आणि मुख्य जागी पाठवलं. पुढच्या काही तासांत प्रत्येकाच्या प्रतीत बदल उतरणार. पत्त्यांत ते बरोबर आहे. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने वसवलेल्या शहराच्या इतिहासात? १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंना आणि मौलाना आझादांना जिथे ठेवलं त्या किल्ल्याबद्दलच्या त्या काळच्या उताऱ्यात? ज्या संस्थांच्या नोंदणीकृत नावातच जुना शब्द आहे, त्यांच्या नावात? तिथे तो बदल म्हणजे चूक. फाइली फिरवण्याच्या जुन्या पद्धतीत ही चूक निस्तरायला महिने गेले असते, कारण कुठे काय बदललं याची यादीच नसती. इतिहास सोबत असेल तर तो एक बदल नेमका दिसतो, उलटवता येतो आणि मग एकेक वाक्य वाचून ठरवता येतं. शब्दसंग्रहात नोंद अशी हवी: प्रशासकीय पत्त्यात नवं नाव, २०२४ पूर्वीच्या घटनेत आणि संस्थेच्या नावात मुळात असेल ते. चार ओळींची ही नोंद पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराचे कष्ट वाचवते. उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तिथल्या लोकांनाही हेच करावं लागलं असेल.

आता पुन्हा डोंगराकडे. मोठा प्रकल्प क्लोन करताना नेट मध्येच तुटलं, तर गिट जिथे थांबलं तिथून पुढे जात नाही, पुन्हा पहिल्यापासून. नव्वद टक्क्यांवर तुटलेला क्लोन पाहून हातपाय गळतात. यावर दोन मार्ग आहेत. एक, उथळ क्लोन: फक्त आजची अवस्था घ्यायची, इतिहास नंतर सवडीने ओढायचा. डाउनलोड बराच लहान होतो. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. त्याला बंडल म्हणतात. ज्याच्याकडे चांगलं नेट आहे त्याने, समजा संगमनेरच्या माणसाने, अख्खा रेपो इतिहासासकट एका फाइलीत बांधायचा, पेनड्राइव्हवर घालायचा आणि राजूरच्या एसटीने जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. राजूरला त्या फाइलीवरून क्लोन करता येतो, जणू ती फाइलच सर्व्हर आहे. मग प्रतीत मुख्य जागेचा खरा पत्ता घालून ठेवायचा. त्यानंतर रोजची देवाणघेवाण काही केबींची. ओट्याच्या कोपऱ्यातल्या रेंजवरही ती होते. केलेलं कामही बंडल बांधून परत पाठवता येतं. म्हणजे महिनाभर नेट नसलेला माणूससुद्धा या गटाचा पूर्ण सभासद राहू शकतो.

यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्या वाचनालयांपैकी एक. तालुक्याच्या गावी शासनमान्य ग्रंथालयं आहेत, पुष्कळ ठिकाणी संगणकही आहे. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या एका ग्रंथालयाने मराठीतल्या मुक्त भाषांतर प्रकल्पांचे क्लोन आपल्या संगणकावर ठेवावेत. मजकूरच तो, संपूर्ण मराठी पीओ संग्रह मोबाइलवर पाहतात त्या एका सिनेमाहून लहान भरतो. त्यासोबत मुक्त परवान्याच्या बालगोष्टींचं मराठी आणि जिल्ह्यात झालेली शेती-पाण्याची भाषांतरं ठेवावीत, आणि एक शब्दसंग्रह, ज्यात घाटघरकडची, पाथर्डीकडची, जामखेडकडची बोली नावंही नोंदवता येतील. आठवड्यातून एकदा ग्रंथपालाने किंवा एखाद्या कॉलेजच्या पोराने सगळं ताजं करावं. वाचक पेनड्राइव्ह घेऊन आला की त्याला बंडल द्यावं, त्याने केलेलं काम घ्यावं आणि मुख्य जागी पाठवावं. पुस्तकांच्या देवघेवीची वही असतेच. तिच्यात एक रकाना वाढेल.

परवान्याकडे मात्र काटेकोर लक्ष द्यावं लागेल. ज्या मजकुराचा परवाना खुला नाही, तो कितीही उपयोगी असला तरी या संग्रहात घालायचा नाही. आणि भाषांतरकाराचं नाव प्रत्येक बदलावर राहिलं पाहिजे, पैसे मिळालेले असोत वा नसोत. सच्चिदानंदबाबांचं नाव सातशे वर्षं टिकलं, ते ग्रंथाच्या शेवटी लिहिलं गेलं म्हणून.

जे गट आज व्हॉट्सअ‍ॅपवर फाइली फिरवत आहेत, त्यांनी सगळी घडी एकदम मोडू नये. चालू काम चालू द्यावं. पुढचं पत्रक किंवा पुढची गोष्ट घेताना मात्र आधी एक रेपो उघडावा, त्यात मूळ मजकूर आणि शब्दसंग्रह ठेवावा, ऱ कसा लिहायचा आणि जिल्ह्याचं नाव कुठे कोणतं घ्यायचं ते एका टिपणात लिहावं, आणि सगळ्यांना एका खोलीत बसवून पहिला क्लोन समोरासमोर करून घ्यावा. टोकन, लपलेला फोल्डर, कॉन्फ्लिक्ट, या तीन ठिकाणी माणसं अडतील. तिथे शेजारी कुणीतरी असावं. ही बैठक दिवाळीच्या सुट्टीत घेतलेली बरी, कारण पुण्या-मुंबईला संगणकाच्या नोकऱ्यांत असलेली गावची मुलं तेव्हा घरी असतात आणि हे सगळं त्यांना पाठ असतं.